थांबत थांबत मुलुंडला

कोल्हापूरचा माणूस मुंबईत उतरला की प्रवास संपला असं समजतो. या वेळी माझा प्रवास तिथे सुरू झाला. गुरुवार ते रविवार मी विक्रोळी, मरोळ, घाटकोपर, बोरिवली आणि मुलुंड अशी फिरले. सगळा प्रवास एका जुन्या पिकअपच्या केबिनमधून झाला आणि त्यातला बराचसा वेळ गाडी उभी होती.

विक्रोळी, गुरुवार

माझी मावसबहीण सुजाता विक्रोळीच्या एका चाळीत राहते. खोलीच्या मागे पत्र्याची शेड आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं दुपारचं जेवण रोज याच शेडमध्ये शिजतं. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात. सुजाताने लसणाची परात दिली.

"ताई, सोलता सोलता ऐक. रविवारी मुलुंडला लग्नाचं जेवण आहे. भांडुपनंतरचं पहिलं."

भांडुपचं मला फोनवर कळलं होतं. आम्हा बौद्धांची लग्नं लांबत नाहीत. मुहूर्ताची वाट बघणं नसतं. पांढऱ्या कपड्यातले वधूवर उभे राहतात, त्रिशरण-पंचशील होतं, मंगलगाथा होते, फुलं पडतात आणि लोक जेवायला वळतात. म्हणजे मंगलगाथा सुरू होण्याआधी जेवण हॉलच्या मागच्या दारात पोहोचलेलं असावं लागतं. भांडुपला फुलं पडली, वऱ्हाड हात धुऊन बसलं, आणि मसालेभात कांजूरमार्गजवळ बंद पडलेल्या पिकअपमध्ये होता. यजमानांनी मुलांना बिस्किटं वाटली. तेव्हापासून वस्तीत सुजाताला बिस्किटवाली म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

"आता परत तसं झालं तर मला कोणी पोह्यांचीसुद्धा ऑर्डर देणार नाही," ती म्हणाली. "मी मिलिंदला सांगितलंय. रविवारपर्यंत गाडी नीट कर. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय."

मिलिंद तिचा नवरा. तो शेडच्या दारात गाडीची काच पुसत होता. काच आधीच स्वच्छ होती. पिकअप त्याच्या वडिलांनी कंपनीतून निवृत्त झाल्यावर घेतली होती. डाव्या बाजूचं दार आतून उघडत नाही. खिडकीतून हात बाहेर काढून उघडावं लागतं. काच खाली-वर करायचं हँडल एकच शिल्लक आहे आणि ते लागेल त्या दाराला लावतात. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर असतो, टाकी भरलेली असो वा रिकामी. म्हणून सीटमागे बांबूची एक पातळ काठी ठेवलेली असते. तिच्यावर सुरीने खाचा केल्या आहेत. टाकीत बुडवायची, ओली खाच बघायची.

टाकीच्या झाकणाला कुलूप आहे. ते नंतर बसवलेलं आहे. गल्लीत उभ्या असलेल्या गाडीतून कोणीतरी डिझेल काढून नेलं होतं. मिलिंदचा संशय शेजारच्या तानाजीवर गेला. तो बोलला काहीच नाही. त्याने रस्त्यावरच्या स्टॉलवरून कुलपाचं झाकण आणलं आणि तानाजीच्या खिडकीसमोर उभं राहून बसवलं. तानाजीला जे कळायचं ते कळलं. दोघं शाळेपासूनचे मित्र. आता एकमेकांशी सुजातामार्फत बोलतात.

त्या सकाळीही तानाजी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. मिलिंद त्याच्यापासून हातभर अंतरावर होता.

"सुजाता, त्याला सांग गाडी पुढे घे म्हणून. माझं दार उघडत नाही."

"सुजाता, सांग त्याला, निघतोच आहे."

"दोघांनी मला पगार सुरू करा," सुजाता म्हणाली.

मरोळ, गुरुवार दुपार

केबिनमध्ये आम्ही तिघं. मी मधे, गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता. मागे डाळ, भात, चवळीची उसळ आणि चपात्यांचे डबे. डिझेल आणि काळ्या मसाल्याचा एकत्र वास येत होता. विक्रोळीहून मरोळला जाणारा जोडरस्ता पवईवरून जातो. उजव्या हाताला तलाव आला तरी कोणी तिकडे पाहिलं नाही. तिघंही इंजिन ऐकत होतो. दोन दिवसांपूर्वी टाकी भरली होती, हे मिलिंदने दोनदा सांगितलं.

तलाव मागे पडला आणि चढावर इंजिनचा जोर गेला. मिलिंदने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज वाढण्याऐवजी कमी झाला. गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. त्याने ती उतारावर थोडी मागे सोडत कडेला घेतली.

पुढचा क्रम त्याला पाठ होता. उतरला. किल्लीने टाकीचं झाकण उघडलं. काठी बुडवली. "डिझेल आहे." झाकण लावलं, कुलूप लावलं. बोनेट उघडलं. डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिला, बुडबुडे थांबेपर्यंत. याला ते 'एअर काढणं' म्हणतात. स्क्रू आवळला, सेल्फ मारला. गाडी सुरू झाली.

या मधल्या वेळात एक रिक्षावाला थांबून नोजल साफ करायला सांगून गेला. मोटारसायकलवरचा एक जण न उतरता म्हणाला, "फीड पंप बघ, भाऊ." आमच्याकडे बंद गाडीजवळ माणूस थांबला तर आधी तुम्ही कुठले, कोणाकडचे ते विचारतो. इथे नाव कोणी विचारलं नाही. दोष मात्र प्रत्येकाने सांगितला.

मरोळला कामगार ताटं घेऊन उभे होते.

"काय वहिनी, आज पण पवई दर्शन?"

"फुकटात दाखवते ना तुला? मग ताट पुढे कर."

सुजाता हसली, पण वाढताना तिचा हात घाईत होता. उसळ दोघांच्या ताटाबाहेर सांडली. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही थांबली नाही. मिलिंद म्हणाला, एअर नीट निघाली असणार.

घाटकोपर, शुक्रवार

घाटकोपरला मुख्य रस्त्यापासून आत एका गल्लीत गनीभाईंचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे छपराखाली एका गाडीची जागा. बाकीच्या गाड्या रस्त्यावरच दुरुस्त होतात. गनीभाई बोलतात मराठीत, वैतागतात हिंदीत.

"कुठे बंद पडली?"

"पवईला."

"आधी?"

"कांजूर. त्याच्याआधी साकीनाका."

"म्हणजे जागेचा दोष नाही," ते गंभीरपणे म्हणाले आणि बोनेटमध्ये वाकले.

डिझेलचा फिल्टर नवा घातला. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप काढून साफ केला. पाइपांच्या जोडांवरचे वॉशर बदलले, कारण तिथून हवा शिरत असावी असा त्यांचा अंदाज होता. मिलिंद प्रत्येक सुटा भाग हातात घेऊन बघत होता आणि परत ठेवत होता. मला बसायला एक टायर दिला. समोरच्या हातगाडीवरून बन आमलेट आलं. कोल्हापुरात मिस्त्री आधी चहा पाजतो आणि मग "उद्या या" म्हणतो. गनीभाई दर वेळी "पाच मिनिटं" म्हणत होते. पोचलो सकाळी आणि निघालो ऊन उतरल्यावर. मरोळचं जेवण त्या दिवशी सुजाताने रिक्षाने नेलं. एकूण वेळ सारखाच जातो. इथे तो जास्त आशेने जातो.

निघताना मिलिंदने सवयीने झाकण उघडून काठी बुडवली. भरपूर होतं. घाटकोपर ते विक्रोळी गाडी सुरळीत आली.

"फीड पंपच होता," मिलिंद म्हणाला.

"मागच्या वेळी नोजलच होतं," सुजाता म्हणाली. "त्याच्या मागच्या वेळी पाणीमिश्रित डिझेलच होतं."

प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी चालते आणि मग बंद पडते, असं तिचं म्हणणं. ते खरं होतं. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तेव्हा ती तक्रार वाटली: टाकी भरली की गाडी लवकर थांबते, कमी असली की बराच काळ थांबत नाही. त्यावरून मिलिंदने दोन पंपांवर डिझेल घेणं बंद केलं होतं.

बोरिवलीच्या वाटेवर, शनिवार

कारखान्याला सुट्टी होती आणि लग्नासाठी मोठी पातेली बोरिवलीहून आणायची होती. सुजाताची एक मैत्रीण तिकडे हाच व्यवसाय करते. जाणं-येणं लांबचं, म्हणून ती रविवारची रंगीत तालीम ठरली. मिलिंदने निघताना नवीन पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि झाकण स्वतः लावलं.

"आता डिझेलचा प्रश्नच नको," तो म्हणाला.

पवई गेलं. सुजाताने माझा हात धरला होता, तो सोडला. जोगेश्वरीला आम्ही पश्चिमेच्या महामार्गाला लागलो. गोरेगाव जवळ आलं आणि इंजिनचा जोर गेला. तेच दोन गचके.

वाहतूक पोलिसाने महामार्गावर क्षणभरही उभं राहू दिलं नाही. "ढकला, ढकला, आत घ्या." सुजाता आणि मी मागून, मिलिंद दारातून स्टिअरिंग धरून, अशी गाडी आरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर घेतली. आत झाडं होती. रहदारीचा आवाज मागे राहिला.

मिलिंदने बोनेट उघडलं. या वेळी काठी काढली नाही. टाकी नुकतीच भरली होती, मोजायचं काय? एअर काढली. हातपंप नेहमीसारखा चालेना. सेल्फ मारला. परत एअर काढली. परत सेल्फ. बॅटरीचा आवाज बसत चालला. गाडी इतकी कधी अडली नव्हती. गनीभाई फोनवर म्हणाले, फीड पंप गेला, नवा टाकावा लागेल, रविवारी दुकान बंद.

सुजाता थोडी लांब जाऊन एका झाडाखाली उभी राहिली. तिने दोन फोन केले. पहिला एका टेम्पोवाल्याला, उद्या सकाळसाठी. त्याने बघून सांगतो म्हटलं. लग्नसराईचा रविवार होता. दुसरा भंगारवाल्याला. तो लगेच हो म्हणाला.

मिलिंदने ते ऐकलं. तो काही वेळ टायरला लाथ मारावी की नाही अशा बेताने उभा होता. मग म्हणाला, "डिझेलमध्येच पाणी आहे. थांब, दाखवतो तुला. नमुना काढतो."

त्याने किल्ली लावली. झाकण फिरेना. दोन्ही हातांनी धरून त्याने हिसका दिला. झाकण सुटलं आणि टाकीच्या तोंडातून लांबलचक आवाज आला. सूऽऽऽ. बाहेरची हवा आत जात होती. तोंडाजवळ धरलेलं त्याचं फडकं आत ओढलं गेलं.

सुजाता झाडाखालून वळली.

"परत कर."

"काय परत कर?"

"ते. तो आवाज."

"तो एकदाच येतो गं."

ती जवळ आली. झाकण हातात घेतलं, उलटं केलं, नख फिरवलं. रबर जाड होतं, कुठे भोक नव्हतं.

"मिलिंद, गरम भात मी चापाच्या डब्यात भरते. थंड झाला की झाकण उघडतं का?"

"नाही. चमचा घालावा लागतो."

"का?"

डबे तोच उतरवतो. चमचा तोच घालतो. मिलिंदने टाकीकडे पाहिलं, मग झाकणाकडे.

"डिझेल बाहेर जातं," सुजाता म्हणाली, "आणि आत हवा यायला जागाच नाही. मग पंप किती ओढणार? तुझ्यासारखा ओढून ओढून बसला खाली."

पवईला, कांजूरला, साकीनाक्याला, दर वेळी काठीसाठी झाकण उघडलं गेलं होतं आणि मगच गाडी सुरू झाली होती. श्रेय मात्र त्यानंतर जे केलं त्याला मिळत गेलं. टाकी काठोकाठ भरली की आत हवा थोडीच उरते, म्हणून कोंडी लवकर होते. हे सगळं आम्ही नंतर बोललो. त्या वेळी मिलिंद फक्त हातपंपाशी गेला. पंप मऊ लागला. सेल्फ एकदा कण्हला, दुसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

टाकीच्या तोंडावर फडकं बांधून आम्ही बोरिवलीला गेलो. पातेली भरली. मैत्रिणीने भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे ठेवली. मिलिंदने ती खिडकीशी उभं राहून खाल्ली, गाडीवर नजर ठेवून. परतीच्या वाटेवर घाटकोपरपर्यंत गाडी थांबली नाही. तिथे गनीभाईंनी कुलपाचं झाकण हातात घेऊन बघितलं.

"हे कुठून घेतलं?"

"स्टॉलवरून."

"ह्याला साँस कुठून येणार?" मग म्हणाले, "आम्ही बोनेट उघडतो. झाकण तर तुम्ही उघडता." शेजारच्या दुकानातून त्यांनी साधं झाकण आणून दिलं. त्याला बारीक भोक होतं. कुलूप नव्हतं.

रात्रीचं जेवण होता होता टेम्पोवाल्याचा फोन आला: गाडी आहे, आणू का? सुजाताने मिलिंदकडे पाहिलं. तो पानातला भात बोटांनी सारखा करत होता.

"नको," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मात्र तिने तीन वेळा विचारलं, नको म्हटलं ते बरोबर ना. एकदा मला, एकदा त्याला आणि एकदा कोणालाच नाही.

मुलुंड, रविवार

चाळीतल्या बायका पहाटेच शेडमध्ये आल्या होत्या. तानाजीची बायको वांगी चिरत होती. मसालेभात, भरली वांगी, वाटाणा-बटाटा, पुऱ्या, बुंदी. पातेली चढवायला माणसं कमी पडली तेव्हा तानाजी न बोलावता आला, एका बाजूने धरलं. दुसऱ्या बाजूला मिलिंद होता.

"सुजाता, सांग त्याला, भार माझ्याकडे येतोय."

"सुजाता, सांग, मग सोड म्हणावं."

विक्रोळी ते मुलुंड अंतर फार नाही. पण भांडुपला रस्ता खोदलेला होता आणि गाड्या सरकत होत्या. कांजूरमार्गची ती जागा आली तेव्हा सुजाता पुढच्या बसच्या मागच्या काचेकडे बघत होती. भांडुपला पूर्ण थांबलो. इंजिन एका लयीत चालू होतं. मिलिंदचा हात सीटमागे काठीकडे गेला.

"काय करतोस?"

"उतरून एकदा बघतो. झाकण नुसतं उघडून लावतो. दोन सेकंद."

"मिलिंद, तू उतरलास तर मी पातेलं डोक्यावर घेऊन चालत जाईन."

"पातेलं तुला उचलणार नाही."

"मग तू उतरू नकोस."

मागून हॉर्न वाजले. तो उतरला नाही. काठी मात्र मांडीवर घेऊन बसला आणि एका हाताने गाडी चालवत राहिला.

हॉलच्या मागच्या दाराशी पोहोचलो तेव्हा आत सगळे एका सुरात म्हणत होते: बुद्धं सरणं गच्छामि. सुजाताने चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर घालून दार उघडलं. पातेली उतरली. मांडणी झाली. चापाच्या डब्यांत चमचे घालून झाकणं सोडवायचं काम मिलिंदकडे होतं. ते त्याने इतकं मन लावून केलं की कोशिंबीर मांडायची राहिली. फुलं पडल्याचा गलका झाला आणि दारं उघडली. पहिल्या ताटात पडलेल्या भाताची वाफ दिसत होती.

एक म्हातारी ताट घेऊन थांबली. तिने सुजाताला ओळखलं.

"तूच ना गं ती भांडुपची?"

"हो, मीच."

म्हातारीने वांग्याचा तुकडा तोंडात टाकला. "तिखट आहे," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "अजून एक घाल."

दुपारी भंगारवाल्याचा फोन आला, उद्या किती वाजता येऊ. सुजाता भांडी मोजत होती. "गाडी नाही द्यायची," ती म्हणाली. "एक झाकण आहे. कुलपासकट. घेता?"

विक्रोळी, परत

परतल्यावर मिलिंदने गाडी नेहमीच्या जागी लावली, तानाजीच्या खिडकीसमोर. मग उतरून पुढे गेला, मागे आला, नवीन झाकणावर अंगठा फिरवला, पुन्हा पुढे गेला. कुलूप नसलेली टाकी बरीचशी भरलेली होती आणि गल्ली तीच होती. सुजाता दारातून बघत होती.

"राखत बसणार आहेस का रात्रभर?"

त्याने उरलेल्या मसालेभाताचा डबा उचलला आणि तानाजीच्या दाराशी गेला. तानाजी टीव्हीसमोर होता. त्याने डबा घेतला, सुजाताकडे पाहिलं, ती मध्ये काही बोलेना. त्याने चाप काढले आणि झाकण ओढलं. निघेना. पोटाशी धरून परत ओढलं.

"थांब," मिलिंद म्हणाला. खिशातून चमचा काढला, त्याचा दांडा कडेखाली घातला आणि दाबला. बारीक आवाज झाला. झाकण सुटलं.

दोघं डब्यात बघत उभे राहिले.

"टाकीला कुलूप नाही आता," मिलिंद म्हणाला. "नव्या झाकणाला लागत नाही. जरा लक्ष ठेव."

तानाजीने भाताचा एक घास घेतला. सावकाश चावला.

"सुजाता," तो मिलिंदकडे बघतच म्हणाला, "ह्याला सांग, सकाळी गाडी पुढे घे. माझं दार उघडत नाही."

"तूच सांग," सुजाता म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी मी कोल्हापूरच्या बसला निघाले तेव्हा पिकअप हातभर पुढे उभी होती आणि तानाजीचं दार सताड उघडं होतं.